लेक वाट बघतोय

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचत आलो. मोठ्याने वाचून बायकोला ऐकवायचो आणि म्हणायचो, "बघ, यांच्याकडे दार वाजलं तरी आत्मा असतो." औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला माझी सगळी नोकरी झाली. एखादी गोष्ट पुन्हा तपासली आणि तोच रिझल्ट आला नाही, तर ती माझ्या लेखी झालेलीच नसते. आता त्याच सदरासाठी लिहायला बसलोय, तर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. फक्त शेवटपर्यंत वाचा. यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही. लाज वाटण्यासारखं आहे, आणि ते सगळं माझ्या बाजूचं आहे.

आम्ही हैदराबादचे. म्हणजे मूळ उदगीरकडचे, पण आजोबांनी गौलीगुड्यात भुसाराचं दुकान टाकलं तेव्हापासून इथलेच. आता विद्यानगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. घरात मी, बायको उज्ज्वला, आयटीत नोकरी करणारी मुलगी ईशा आणि माझे वडील, अप्पा. पडल्यापासून अप्पांचं चालणं बंद झालं होतं. त्यांची कॉट आम्ही हॉलमध्येच, मुख्य दारासमोर टाकली होती — येणारं-जाणारं माणूस दिसावं म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात मृतदेह जाळत नाहीत, पुरतात. आणि तेही झोपवून नाही. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर जन्मभर गळ्यात घातलेलं इष्टलिंग. वर समाधी बांधतात. म्हणून आमच्याकडे म्हातारी माणसं "मला इथे पुरा" असं म्हणत नाहीत. "मला इथे बसवा" असं म्हणतात.

सुरुवात ईशामुळे झाली. तिला मोबाईलवर वंशवृक्ष करायचा होता. तिला मराठी वाचायचं म्हणजे एकेक अक्षर लावत वाचावं लागतं, पण आजोबांशी तासन् तास बोलायला तिला आवडायचं. एका रविवारी ती कॉटशेजारी खुर्ची ओढून बसली.

"अप्पा, तुमच्या आईचं नाव?"

"बसम्मा."

"फोटो आहे?"

"फोटो कुठला गं बाई. मलाच तोंड आठवत नाही तिचं."

"मग काय आठवतं?"

अप्पांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "ती गेली तवा मी लहान होतो. तिला नवं लुगडं नेसवून बांबूच्या मखरात बसवलं होतं. झेंडूची फुलं. पुढं वाजंत्री. मला वाटलं आई जत्रेला चालली. मी मागं लागलो, मलाबी बसव, मलाबी बसव... कुणीतरी उचलून मला दुकानात नेलं आणि गुळाचा खडा दिला." ते हसले. "अजून जागा मिळाली नाही बघ तिच्या बाजूला."

ईशाने ते रेकॉर्ड केलं. आणि त्या दिवसापासून अप्पांनी धरलं — मला आईच्या शेजारी बसवा.

शहराच्या जुन्या भागात आमच्या समाजाची रुद्रभूमी, म्हणजे समाध्यांची जागा, आहे. अप्पांची आई तिथेच कुठेतरी आहे, एवढंच माहीत होतं. आजोबा शेवटी उदगीरला गेले, तिकडेच बसले. माझी आई लातूरला माहेरी असताना अचानक वारली आणि तिला तिथेच बसवावं लागलं. त्यामुळे इथल्या रुद्रभूमीत आमचं जाणं-येणं कधी राहिलंच नाही. आता तिथल्या कमिटीचा नियम असा की जागा कमी आहे, नवी समाधी हवी असेल तर आपल्याच माणसाच्या शेजारी. तुमची समाधी कुठली ते दाखवा, पाटी लावा, बाजूची जागा तुमची.

मी शोधायला गेलो. एकदा नाही, बऱ्याच रविवारी गेलो. अप्पांच्या खुणा ठरलेल्या होत्या — वडाच्या डाव्या हाताला, भिंतीच्या जवळ. वड तोडलेला होता. भिंत रस्त्यासाठी आत सरकली होती. जुन्या समाध्या म्हणजे चुन्याचे चौकोनी ओटे, काहींवर पिंड, काहींवर तीही झिजलेली, नाव कुठल्याच्या माथ्यावर नाही. एप्रिलचं ऊन. वाळलेल्या गवतातून फिरून मी घरी यायचो आणि अप्पा कॉटवरून मान उचलायचे.

"सापडली?"

"बघतोय अप्पा."

"तुझ्याच्यानं व्हईना तर मला घेऊन चल. पाठुंगळी घे."

त्यांच्या त्या मान उचलण्याला मी कंटाळलो. हे लिहिताना हात जड होतोय, पण तसंच होतं. एका रविवारी मी कडुनिंबाखालच्या एका समाधीवर टेकलो. बाकीच्या समाध्या चौरस होत्या, ही जरा लांबट होती, काठावर बसायला ऐसपैस. बाजूला मोकळी जागाही होती. सावली होती. तिथे बसून पाणी पिताना मी ठरवून टाकलं — हीच. कोण तपासायला येणार आहे? अप्पांचं समाधान महत्त्वाचं. घरी जाऊन सांगितलं, "सापडली."

अप्पा रडले. मला तेव्हाच थांबायला हवं होतं.

मी ग्रॅनाइटची छोटी पाटी करून घेतली, वर "लिं. बसम्मा". आमच्यात कैलासवासीच्या जागी लिंगैक्य लिहितात. सोमवारी जंगम स्वामींना घेऊन गेलो. समाधी धुतली, विभूती लावली, बेल वाहिला, नारळ फोडला. स्वामी निघून गेले. आता फक्त आमच्या घरातली एक रीत उरली होती, अप्पांनी ती माझ्याकडून पाठ करून घेतली होती. पहिल्यांदा समाधीला आलेल्या माणसाने तळहात समाधीवर टेकवायचा आणि म्हणायचं — "माय, चला घरी. लेक वाट बघतोय." मग मागे न बघता घरी यायचं. घरी पाट मांडून ताट वाढलेलं असतं. बस, एवढंच.

मी हात टेकवला. धुतलेला दगड अजून ओला होता. इकडे-तिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना, आणि म्हटलं, "माय, चला घरी. लेक वाट बघतोय."

बरं वाटलं मला. एका औपचारिकतेतून सुटल्यासारखं.

घरी पोहोचलो तेव्हा दुपारचं जेवण तयार होतं. उज्ज्वलाने कॉटशेजारी पाट मांडून ताट वाढलं होतं. मी दारातून आत आलो. अप्पा माझ्याकडे बघतच नव्हते, माझ्या मागे बघत होते. चेहरा असा उजळलेला की त्यांच्या चेहऱ्यात मला एक लहान मुलगा दिसला. आणि मग तो उजेड हळूहळू गेला.

"शिवा, कोणाला आणलंस रे?"

"आजीला, अप्पा. तुम्हीच सांगितलं होतं ना."

"ही आई नव्हं."

मला राग आला. "तुम्हाला तर तोंड आठवत नाही म्हणता."

"मला आठवत नाही, हौ. पण तिला मी आठवायला पाहिजे की." ते दाराकडेच बघत होते. "बसा बाई. पाटावर बसा... नाही? बरं, तिथं बसा."

उज्ज्वलाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. वय झालंय. ऊन आहे. औषधं चालू आहेत. माझ्याकडे कारणं भरपूर होती.

संध्याकाळी ईशा ऑफिसमधून आली आणि दारात अडखळली. लॅपटॉपची बॅग पुढे फेकली गेली.

"पप्पा, इथे काय ठेवलंय?"

"काहीच नाही."

कॉटवरून अप्पा ओरडले, "अगं बघून चाल की! पाय हाय तिचा."

"कोणाचा?"

"त्या बाईचा. एक पाय लांब करून बसलीय. दुमडत नाही म्हणती."

ईशा हसली. आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी उज्ज्वला अडखळली, दुधाचं पातेलं हातात होतं. मग शेजारच्या रेड्डी काकू वाटी परत द्यायला आल्या, त्याही. मग मी. उंबरठ्याला ठेच लागली असती तर प्रश्न नव्हता. ही ठेच उंबरठ्याच्या आत, साध्या फरशीवर लागायची. आणि दगडाला लागते तशी नाही... कापडात गुंडाळलेल्या काहीतरी घट्ट वस्तूला पाय लागावा तशी. मी पायपुसणं काढून टाकलं. फरशीवर गवंड्याची लेव्हल ठेवून बघितली — हसू नका, मी तसाच माणूस आहे — बुडबुडा बरोबर मध्ये. एकही फरशी उचललेली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घ्यायला जाताना मी पुन्हा तिथेच अडखळलो, आणि नकळत तोंडातून निघालं, "सॉरी हं."

मग मात्र मला हसू आलं नाही.

अप्पा त्या बाईशी बोलत असायचे. हळू आवाजात, जसं दवाखान्यात बाजूच्या अनोळखी माणसाशी बोलतात तसं. मी विचारलं, "काय म्हणते?"

"एकच विचारती. माझा महादू कुठाय?"

"कोण महादू?"

"मला काय माहीत. मलाच विचारती. मी म्हटलं, मी न्हाई बाई तो. तर म्हणती, ते दिसतंच हाय, माझं लेकरू येवढं म्हातारं कुठलं." अप्पांना त्याचं हसू आलं, मग ते गंभीर झाले. "तिला कुणीतरी सांगितलं म्हणं की लेक वाट बघतोय. म्हणून आली ती. न्हाईतर पायानं येवढ्या लांब कशाला आली असती?"

रीतीचे ते शब्द अप्पांनीच मला शिकवले होते, त्यामुळे त्यांच्या तोंडी ते येणं नवल नव्हतं. हे मी स्वतःला त्या दिवशी कितीतरी वेळा सांगितलं. पण ते शब्द एका आईला ऐकवले तर ती काय करील, याचा विचार मी समाधीवर हात ठेवताना केला नव्हता.

"शिवा," अप्पा म्हणाले, "तू नीट बघूनच सांगितलं होतंस ना?"

"हो अप्पा."

दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. तेच वाईट.

मग अप्पांनी जेवण सोडलं. रुसून नाही. ताट समोर आलं की ते दाराकडे बघायचे आणि घास खाली ठेवायचे. "ती जेवंना. दारात आलेलं माणूस उपाशी, आणि मी कसा जेवू?" उज्ज्वलाने विनवलं, ईशाने रागावून बघितलं. डॉक्टर घरी आले, तपासून म्हणाले की या वयात असं होतं, भास होतात, गोळी बदलून देतो, पण पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करावं लागेल. जाताना तेही दारात अडखळले. "मॅट काढा हो इथली," म्हणाले. मॅट नव्हतीच.

त्या संध्याकाळी उज्ज्वला स्वयंपाकघरात मला म्हणाली, "एक विचारते, खरं सांगा. ती समाधी तुमच्या आजीचीच आहे ना?"

मी नळ सोडून हात धुवायला लागलो. तिने डोक्याला हात लावला. "कोणाच्या आईला उठवून आणलंत हो तुम्ही?"

सकाळी उठून मी रुद्रभूमीवर गेलो. काय करणार होतो मलाच माहीत नव्हतं. आणायचे शब्द घरात होते, परत पोचवायचे कुणी शिकवले नव्हते. मनात होतं की पाटी काढावी, माफी मागावी, पुढे बघू.

कडुनिंबाखाली एक बाई उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, कॉटनची साडी, हातात बेलाची पिशवी. माझ्या पाटीकडे टक लावून बघत होत्या.

"हे तुम्ही लावलंत का?"

"हो. म्हणजे..."

"वा! आमची आजी, आणि नाव तुमच्या घरचं. उद्या नारायणगुड्यात आमच्या दारावरपण तुमची पाटी लावून जाल. काय माणसं आहेत की बाई!"

"चूक झाली. काढतो मी. पण तुमचीच हे कशावरून?" हे मी का विचारलं कुणास ठाऊक. सवय, दुसरं काय.

"कशावरून?" त्यांनी सगळ्या ओट्यांवरून हात फिरवला. "यात एवढी लांब दुसरी दाखवा मला. सगळ्या चौकोनी, हीच लांब का, असं नाही आलं तुमच्या मनात? शिकलेले दिसता. आमच्या नागम्मा आजीचा एक पाय गुडघ्यात आखडला होता, दुमडायचाच नाही. गेली तेव्हा मांडी घालता येईना. ओढून दुमडू म्हणाले लोक, तर माझे वडील आडवे पडले, आईच्या पायाला हात लावाल तर बघा म्हणाले. मग खड्डाच पुढे लांब केला. एक पाय लांब करून बसवलीय तिला."

मी खाली बसलो, पण समाधीच्या काठावर नाही, मातीत.

"बाई," मी म्हटलं, "महादू कोण?"

त्यांच्या हातातली पिशवी खाली आली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आधी सांगा, महादू कोण?"

"माझे वडील. महादेवप्पा. पण महादू म्हणणारी फक्त आजी होती. मीसुद्धा त्यांच्याच तोंडून ऐकलंय, ते म्हातारपणी सांगायचे... तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. सावली, लांबट ओटा, माझा कंटाळा, मी बोललेले शब्द, अप्पा, दारातली ठेच. त्यांचं नाव शकुंतलाबाई, शाळेत शिक्षिका होत्या. मला वाटलं त्या मला वेडा ठरवतील किंवा चार शब्द सुनावतील. त्यांनी समाधीच्या त्या लांब बाजूवर हात ठेवला.

"पप्पा करोनात गेले. मुंबईला, भावाकडे होते. बॉडी दिलीच नाही हो आम्हाला. प्लास्टिकमध्ये बांधून आडवं नेलं आणि जाळलं. आमच्यातल्या माणसाला. इथे आजीच्या बाजूची ही जागा त्यांची होती, त्यांनी ठेवून घेतली होती. तेव्हापासून येते मी. बेल वाहते आणि जाते. आजीला सांगितलं नाही." त्यांनी पिशवीतला बेल सारखा केला. "काय सांगू? तुझ्या पायासाठी भांडला, त्याला आम्ही बसवूसुद्धा शकलो नाही?"

मी पाटी उचकटून काढली. मग म्हटलं, "घरी येता का? ती त्यालाच विचारतेय. मला उत्तर देता येत नाही."

मला वाटलं नाही म्हणतील. त्या आल्या.

आमच्या दारात पोहोचल्यावर मी सांगायच्या आत त्यांनी साडी जरा वर धरली आणि पाय उंच उचलून, काहीतरी ओलांडून आत आल्या. मग तिथेच, उंबरठ्याच्या आत फरशीवर बसल्या. भर दुपार होती. खालून भाजीवाल्याची तेलुगू हाक ऐकू येत होती. उज्ज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी, ईशा त्या दिवशी घरून काम करत होती, ती कानातला इअरफोन काढून बघत राहिली.

शकुंतलाबाईंनी मोकळ्या फरशीकडे बघून सांगितलं. साधं, जसं घरातल्या माणसाला सांगतात तसं. आजी, पप्पा गेले. मुंबईत गेले. तुझ्याजवळ आणता आलं नाही. बसवता आलं नाही. शेवटी माझ्याशी फोनवर बोलले, तुझ्याच पायाची गोष्ट सांगत होते.

अप्पा कॉटवर कोपरावर टेकून उठले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"रडतीय ती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पाणी द्या तिला."

उज्ज्वलाने तांब्या-भांडं आणून ठेवलं. भांड्यातलं पाणी कमी झालं असं मी लिहिणार नाही, कारण झालं नाही. मी बघत होतो.

"निघती म्हणती," अप्पा म्हणाले. "हाताला धर गं पोरी. तिला एकटीला उठवंना."

शकुंतलाबाईंनी उठून हात पुढे केला, कोपरात वाकवून. आणि मी जे बघितलं ते एवढंच — त्यांचा तो खांदा खाली गेला. एखाद्या माणसाने सगळा भार टाकून उठावं तसा. त्या एका बाजूला झुकून, एकेक पायरी थांबत जिना उतरल्या. लिफ्ट होती, पण लिफ्टचं कुणालाच सुचलं नाही. खाली गेल्यावर मी कारची पुढची सीट पुढे ओढून घेतली, मागे पाय लांब करता यावा म्हणून. का ओढली ते मला विचारू नका. रुद्रभूमीपर्यंत आम्ही तिघे... दोघे, खड्डे चुकवत सावकाश गेलो. समाधीपाशी पोहोचल्यावर त्यांनी हात हळूच खाली केला. मग तो दंड चोळत राहिल्या.

"वजन होतं," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी अप्पा जेवले. वरणभात, पातळ करून. मी त्यांना सगळं कबूल केलं. आजी सापडलीच नव्हती, मी कंटाळून बोट दाखवलं होतं. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी तोंड पुसलं.

"कळलं होतं मला. तू लहानपणापासनं खोटं बोललास की डावा कान खाजवतोस." मग म्हणाले, "त्या बाईच्या बाजूची जागा मोकळीच ऱ्हाणार का आता?"

"हो. त्यांच्या मुलाची होती."

"तर मला तिथं बसव. तिचं लेकरू न्हाई, माझी आई न्हाई. पण त्या पोरीला विचारून. ह्या वेळी विचारून."

विचारलं. शकुंतलाबाईंनी कमिटीला स्वतः सांगितलं. श्रावण लागायच्या आधी अप्पा गेले, झोपेत, त्रास न होता. त्यांना मखरात बसवून, झेंडूच्या माळा घालून नेलं. डाव्या हातावर लिंग ठेवलं आणि नागम्मांच्या शेजारी बसवलं. शकुंतलाबाई आल्या होत्या. आता दोन्ही समाध्यांना त्याही बेल वाहतात आणि मीही वाहतो.

ईशाचं म्हणणं, अप्पांनी लहानपणी गौलीगुड्यात महादू नावाचा मुलगा किंवा पाय आखडलेली बाई कधीतरी बघितली असेल, मेंदू जपून ठेवतो. असेल. शकुंतलाबाई म्हणतात त्यांचं घर तेव्हा नारायणगुड्यातच होतं, पण दोन्ही घरांची ओळख असल्याचं कधी ऐकलं नाही. ठेचेचं ईशाला काही सांगता येत नाही. तिलाच पहिली लागली होती. ते सगळं झाल्यापासून कुणी अडखळलेलं नाही. फरशी तीच आहे. मी परत लेव्हल लावून बघितली, बुडबुडा तिथेच. नोकरीत होतो तसा असतो तर मी हा रिझल्ट बाद केला असता.

पण माझं मन शांत झालेलं नाही. माझी खरी आजी अजून तिथेच कुठेतरी आहे, नाव नसलेल्या ओट्यांपैकी एकाखाली. तिचा मुलगा त्याच भूमीत, तिच्यापासून थोड्या अंतरावर, दुसऱ्याच्या आईशेजारी बसलाय, आणि हे माझ्यामुळे. ईशाच्या वंशवृक्षात बसम्माच्या नावापुढे समाधीची जागा रिकामी आहे. सोमवारी मी सगळ्या बिननावाच्या समाध्यांवर एकेक पान ठेवत फिरतो. प्रत्येकीपाशी ते शब्द ओठांवर येतात. मी ते गिळतो. तेवढं मी शिकलोय.

मात्र समाध्यांच्या त्या ओळींतून बाहेर पडताना मी उजवा हात कोपरात वाकवून, अंगापासून जरा दूर धरतो. वॉचमनला वाटतं माझा खांदा दुखतो. धरू दे म्हणतो कुणाला धरायचा असेल तर. फाटकापर्यंत सावकाश चालतो.

अजून तरी हाताला वजन लागलेलं नाही.